बाभळीवरची आळी

फार जुन्या काळी पाखरांचं एक मोठं शहर होतं. सुतारपक्ष्यांची आळी आंब्यावर, तर घरटी विणणाऱ्या सुगरण पक्ष्यांची विहिरीवरच्या बाभळीवर. तिथे नर घरटी विणत, माद्या येत, घरटं पसंत करत आणि तिथेच नांदत. पण आधी त्या रंगोबा नावाच्या सुगरणाच्या घरट्यात डोकावत आणि शेजारच्या भिवबाचा जळफळाट होई.

"इथे माझं कोण बघणार?" म्हणत भिवबा दूर माळावरच्या एकट्या झाडावर गेला. तिथे त्याने सुरेख घरटं विणलं.

बऱ्याच दिवसांनी एक मादी तिकडून चालली होती.

"बाई, घरटं बघून जा," भिवबा म्हणाला.

"छान आहे हो. पण मी बाभळीवर निघालेय. तिथे चार घरटी बघून निवडता येतं."

भिवबा बाभळीवर परतला. रंगोबाने सरकून जागा दिली, विणायला गवताची लांब पातही दिली. ती घेण्याआधी भिवबाने रंगोबाकडे याहून लांब पात नाही ना, ते पाहून घेतलं.