तिरडीचा बांबू

विश्रामनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी शेलवणे गावी, नदीकाठच्या चिंचेखाली होता. त्यांच्या धुनीला रोज लाकूड आणून देई तो हिरू ठाकर. महाराजांवाचून त्याला दुसरे दैवत नव्हते.

हिरूचे पोट तिरकमठ्यावर. बाणाला कळकाची, म्हणजे भरीव बांबूची, सरळ काडी लागते. गावातले कळकाचे एकुलते बेट दौलतराव देशमुखांच्या कुंपणात होते आणि हिरूने त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. जमिनीतून आपोआप उगवलेल्या बेटाला कुंपण घालायचे, आणि वर रानातल्या माणसालाच भिकारी म्हणायचे! हिरूची आई गेली तेव्हा शेजाऱ्यांनी लांबच्या डोंगरातून तिरडीसाठी बांबू आणला. स्मशानात त्याचा जो तुकडा उरला, तोच हिरूने घरी आणून चिरला आणि त्याचे बाण केले.

गावाला आयतेच निमित्त मिळाले. देशमुख चावडीवर म्हणत, "हिऱ्या, तुझा बाण बघून ससा आपणहून मसणात चालत जात असेल, नाही का रे?" लोक हसत. हिरू मान खाली घालून निघून जाई, पण आतून जळत राही.

भाद्रपदात नदी फुगली. देशमुखांची लेक गिरजा माहेरी येत असताना होडी मधल्या कातळावर फुटली. गिरजा आणि नावाडी कातळावर अडकले, आणि पाणी चढू लागले. बाणाला सुतळी बांधून कातळावर टाकायची आणि तिच्यामागून दोर पाठवायचा, एवढाच उपाय उरला. देशमुखांच्या माणसांनी तेल पाजलेले, सरळसोट बाण सोडले. समोरून वारा होता, भिजलेली सुतळी जड झाली होती. सगळे बाण अर्ध्या वाटेत बुडाले. भाते रिकामे झाले.

हिरू धनुष्य घेऊन पुढे आला. देशमुख आडवे आले. मढ्याचा बाण आपल्या लेकीकडे जाऊ देणार नाही, म्हणाले.

"धनी," हिरू म्हणाला, "पाणी तिच्या गुडघ्याला लागलंय."

देशमुख हलले नाहीत.

तेव्हा महाराज उठले. त्यांना रागावलेले कोणी कधी पाहिले नव्हते. महाराज म्हणाले, "दौलत्या, याच्या आईला ज्यानं शेवटचं उचललं, तो बांबू अभद्र? जित्या माणसाला कळक नाकारलास, तेव्हा विटाळ झाला नाही, आणि लेक बुडताना तुला सोवळं आठवतंय? हो बाजूला."

महाराजांनी बाणावर हात ठेवला. काडी वाकडी होती. असा बाण सरळ जात नाही, हे हिरूला पुरते ठाऊक होते. त्याने आईला आठवून धनुष्याची दोरी ओढली. वारा थांबला नव्हता. पाण्याचे तुषार तोंडावर येतच होते. तरी तो बाण, कोणी खांद्यावरून जपून न्यावा तसा, पाण्यावरून संथ गेला आणि गिरजेच्या हाताशी टेकला.

दोर बांधला गेला. त्याला धरून दोघेही काठाला आले. देशमुख महाराजांच्या पायांकडे वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नाही," महाराज म्हणाले.

देशमुख वळले आणि चिखलात हिरूच्या पायांवर डोके ठेवून पडले. हिरूचा राग उतरला नव्हता. त्याने त्यांना लगेच उठवले नाही, आणि महाराजांनीही उठवायला सांगितले नाही.