साखरेच्या मुंग्या

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. त्याने आटलेल्या तळ्याच्या गाळातून सोन्याचं एक ताट उकरून काढलं. रोज माध्यान्ही ते ताट आपोआप भरे. पाकात बुडालेल्या जिलब्या, तुपात निथळणारे घीवर, साखरेत घोळलेले चिरोटे. कितीही उचला, ताट रितं होईना. राजवाड्यातल्या चुली विझल्या, जाती थांबली.

पण खाणाऱ्याची भूक शमेना, उलट वाढे. आणि दर अवसेला एकजण बसल्या जागी पांढरा पडे, कडक होई, साखरेचा पुतळा होऊन राही. मग मुंग्या येत. आधी प्रधान गेला. मग राजाची आत्या गेली. तिसऱ्या दिवशी आसनावर नुसती पैठणी उरली.

नगराच्या कडेला म्हाळसा नावाची भडभुंजीण होती. भट्टीवर चणे नि लाह्या भाजून विके. तिची एकुलती एक लेक सगुणा राणीची दासी होती. एके दिवशी सगुणा घरी आली ती हात पदराखाली लपवूनच.

"हात दाखव."

"नको ना, आई."

म्हाळसेने पदर ओढला. लेकीच्या बोटांची टोकं पांढरी, खडबडीत झाली होती. तिने एक बोट जिभेला लावलं. गोड लागलं. उंबऱ्यापाशी मुंग्यांची एक बारीक रांग येऊन थांबली होती. अवस चार दिवसांवर होती.

म्हाळसा राजाकडे धावली. "महाराज, ते ताट फोडा!"

"घण मारणाराच साखर झाला, बाई," राजा म्हणाला. बोलतानाही त्याचा हात ताटातच होता, आणि त्याच्या कानाची पाळी पांढरी पडली होती.

ती परतली तेव्हा भट्टीवर एक साळुंकी बसली होती. साळुंकी म्हणाली, "म्हाळसे, ताटाचा धनी तळ्याखाली बसतो. क्षुधाकेतू मांत्रिक. मुंग्या माणसांची साखर त्यालाच नेऊन घालतात. त्याच्या तोंडून 'पुरे' निघालं, तर शाप तुटेल. तीन घास नेता येतात, चौथा नाही."

म्हाळसेने फुटाणे भाजले. भाकरी थापली, जवसाची चटणी कुटली. मूठभर भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधली, सोबत कांदा, लिंबू नि पाण्याचा तांब्या घेतला. तळ्याच्या भेगेतून ती खाली उतरली. पायऱ्यांवर मुंग्या होत्या. त्या तिच्याबरोबरच उतरत होत्या.

खाली क्षुधाकेतू बसला होता. हाडं निघालेली, तोंड मात्र जात्याएवढं. मुंग्या ओळीने त्याच्या ओठांवरून आत शिरत आणि रित्या बाहेर येत.

"काय आणलंस?"

"तीन घास. रोजचं खाणं."

"पुरे म्हणालो नाही, तर घासागणिक तुझ्या देहाचा एक तुकडा माझा."

"कबूल," म्हाळसा म्हणाली.

तिने फुटाणे पुढे केले. त्याने ते सवयीने गिळायला पाहिले, पण गिळले जाईनात. शेकडो वर्षांत पहिल्यांदा त्याला चावावं लागलं. कुडुमकुडुम आवाजाने छताची माती पडली.

"आणखी!"

म्हाळसेची डावी करंगळी पांढरी झाली. त्याने ती कटकन मोडली आणि खाल्ली. दुखलं नाही मुळीच. त्याचीच तिला अधिक भीती वाटली.

मग तिने भाकरीवर लसूण घालून कुटलेली जवसाची चटणी ठेवली. मांत्रिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भाकरी तर साधी. मग ही चव कुठली?"

"चिमूटभर चटणीची."

"आणखी!"

तिचा डावा हात मनगटापर्यंत साखर झाला. मुंग्या तिच्या पावलांवर चढल्या. तिने फडकं उलगडलं. मटकीला अजून मोड आले नव्हते.

"दोन दिवस थांबावं लागेल," ती म्हणाली.

"मी थांबत नाही."

"मग कच्ची खा आणि मला संपव. अशी चव तुला पुन्हा कोणी आणून द्यायचं नाही."

ओठाला लागलेली चटणी त्याने चाटली. "थांबतो."

"तोवर मुंग्यांनी आणलेलं काय, माझा हात काय, काहीच तोंडात घालायचं नाही. शब्द दे."

"दिला."

त्याने तोंड मिटलं. मुंग्यांची रांग अडली, वळली आणि म्हाळसेभोवती गोल बसली. दोन दिवस ती उजव्या हाताने फडक्यावर पाणी शिंपडत राहिली. डोळा लागला की पायाला चावा बसे. मांत्रिकाचं पोट गुरगुरे तशा भिंती हलत. दुसऱ्या दिवशी तो सरकत सरकत तिच्या अगदी जवळ आला.

"तोवर हात दे तुझा."

"शब्द दिलायस," ती म्हणाली. तो बराच वेळ तिच्या मनगटाकडे बघत राहिला. मग मागे सरला.

मटकीला नखाएवढे मोड आले. तिने त्यांत कांदा चिरला, लिंबू पिळलं, उरलेली चटणी भुरभुरली. तो एकेक दाणा चावत सावकाश जेवला. मग त्याने पोटावर हात ठेवला.

"आत काहीतरी शांत झालं," तो हळूच म्हणाला. "पुरे."

तेवढं बोलून तो आडवा झाला, आणि गाळात गाळ होऊन मिसळला. म्हाळसेचा साखर झालेला हात पुन्हा हाडामांसाचा झाला. वर राजवाड्यात ताट मडक्यासारखं फुटलं. मुंग्या मिळेल त्या वाटेने पांगल्या. राजाने स्वतःच्या हाताने पहिली चूल पेटवली. प्रधान मात्र परत आला नाही, आत्याही नाही, म्हाळसेची करंगळीही नाही.

म्हाळसा धावत घरी आली. सगुणा जमिनीवर पडली होती, केसांत मेलेल्या मुंग्या होत्या. पण अंग ऊबदार होतं. तिने डोळे उघडले.

"आई, भूक लागली."

म्हाळसेचं काळीज पुन्हा थंड पडलं. ही कुठली भूक? तिने अर्धी भाकरी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे पुढे ठेवले आणि लेकीच्या तोंडाकडे बघत बसली. सगुणेने निम्मे दाणे खाल्ले, पाणी प्याली आणि ताटली सरकवली.

"झालं माझं."

तेव्हा कुठे म्हाळसा रडली.

तिच्या घरची भीती जशी फिटली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरची फिटो.