बापूसाहेबांचे बोट

डोंगरात वाट चुकलेल्या धोंडूआजोबांना शोधायला एकच ड्रोन होता, सुनंदाने हौसेने जुळवलेला. चाचणी घेऊन तिने तो उतरवला, तोच सभापती बापूसाहेब सहा सेलची बॅटरी घेऊन पुढे सरसावले.

“तुझी चार सेलची काढ, ही लाव. दुप्पट धावेल!”

“बापूसाहेब, या मोटरी दर व्होल्टला आधीच फार फेरे घेतात. सहा सेल लावून व्होल्टेज वाढवलं तर आणखी जोरात फिरून तापतील आणि जळतील.”

“मला शिकवतेस?”

“नाही. मोटरीला बोट लावून दहापर्यंत मोजा. मोजलंत, तर तुमचीच बॅटरी लावते.”

बापूसाहेबांनी बोट टेकवले आणि ‘दोन’ म्हणायच्या आत झटकले.

“ही चार सेलची धग,” सुनंदा हळूच म्हणाली. “तुम्ही बोट काढून घेतलंत. मोटरीला ती सोय नाही, आणि आजोबांना दुसरा ड्रोन नाही.”

बापूसाहेबांनी आपली बॅटरी खाली ठेवली आणि स्वतःच लोकांना मागे सारून ड्रोनला जागा करून दिली.