लोहाराला उमगलेला शब्द

फार मागे, एका डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहत होता. तो चिमट्यात लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. तापलेलं लोखंड लगेच निवतं, म्हणून भट्टीवर लोहाराचं बोलणं आखूड असे. "मार! थांब! जोरात!" पण हळूहळू घरातही तो तसंच बोलू लागला. "ऊठ! वाढ! आण!"

लोहारणीने पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. मग एक दिवस गाठोडं बांधलं आणि माहेरी निघून गेली.

भट्टी थंड पडली. एकट्याने घण मारावा, तर चिमटा कोण धरणार? आणि खरं सांगायचं तर लोहाराला घर खायला उठलं. त्याने दोनदा निरोप धाडला, "ये!" ती आली नाही. शेवटी गावोगाव फिरणारी कासारीण तिचा निरोप घेऊन आली. "ती म्हणते, आर्जव केलं तर येईन."

"आर्जव? ते कुठल्या बाजारात मिळतं?"

कासारीण पोट धरून हसली. "लोहारदादा, मला बांगड्या भरायच्यात. जा, पंतोजींना विचारा."

पंतोजी म्हणाले, "आर्जव म्हणजे विनम्र अनुनय."

लोहार मान डोलावत बाहेर आला. गेला होता एक शब्द घेऊन, आला तीन घेऊन.

परतताना पाहतो तर कासारीण पारावर एका लहान मुलीला बांगड्या भरत होती. पोरीने हात आखडून धरलेला. तो सैल पडावा म्हणून कासारीण तिला गोष्ट सांगत होती.

"सुगरण पक्ष्याने घरटं विणलं. मादी आली, तिने पाहिलं आणि उडून जायला लागली. नर ओरडला नाही, रुसला नाही. घरट्याला खालून लोंबकळला, पंख थरथरवले आणि म्हणाला, 'एकदा आत ये गं. खटकेल ती काडी मी बदलीन.' इतकं आर्जव केलं, तेव्हा कुठे ती आत गेली."

पोरीच्या हातात बांगडी अलगद सरकली. लोहार मात्र जागीच उभा राहिला. "अरे, हे होय आर्जव!" आणि तसाच सासुरवाडीच्या वाटेला लागला.

दारात बायको दिसताच सवयीने तोंडातून निघालं, "चल!"

तिने पाठ फिरवली. मेहुणे बघत होते. आल्या पावली परतावं, की मान खाली घालावी?

लोहाराने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "माझं बोलणं तुला फार लागलं. एकदा घरी ये. खटकेल ते मी बदलीन."

"आणि भट्टीवर?"

"तिथे 'मार' म्हणावंच लागेल गं. पण लोखंड निवलं की 'दमलीस का?' असं विचारीन."

लोहारीण त्याच्याकडे वळली. मग आत गेली आणि गाठोडं आणून त्याच्या हातात दिलं.

"हे तुम्ही धरा," ती म्हणाली. "ऊन उतरायच्या आत पोचायला हवं."

तात्पर्य: विचारून घेतलेला शब्द कानात राहतो, गोष्टीत भेटलेला शब्द वागण्यात उतरतो.