अ. ब. क. यांची तहान

कुठल्याशा डोंगरापलीकडे करंजवन नावाचं एक रान होतं आणि तिथे तरस महाराजांचं राज्य होतं. महाराज सतत हसायचे. रयत सुखी असल्याशिवाय राजा इतका हसेल कसा, असं रयतेला वाटायचं. आणि सुखी असल्याशिवाय रयत इतकी गप्प बसेल कशी, असं महाराजांना वाटायचं. असा कारभार बरीच वर्षं सुरळीत चालला होता.

रानात पाण्याची जागा एकच, वडाखालचा झरा. ज्याला तहान लागेल त्याने यावं, वाकावं, प्यावं. यात सरकारला काहीच काम नव्हतं, आणि हे पाणीमंत्री पिसारे यांच्या मनाला फार लागलं होतं. पिसारे म्हणजे मोर. त्यांनी भर सभेत पिसारा फुलवला आणि घोषणा केली, "बंधुभगिनींनो, वाकून पाणी पिण्याचे दिवस गेले. आता पाणी तुमच्यापुढे वाकेल."

लगेच एक स्वयंचलित पाणवठा बांधला गेला. पायरीवर पाय ठेवायचा, नाव सांगायचं, की दार उघडून आतल्या हौदात मापाचं पाणी पडणार. हे सगळं नीट चालतं असा दाखला मिळाला, की त्याच दिवशी जुन्या झऱ्याच्या तोंडावर शिळा बसवायची, असाही ठराव झाला.

दाखला द्यायचं काम काटेबाईंकडे आलं. काटेबाई साळिंदर होत्या, कामाला चोख. त्यांच्यात खोट एकच. काही खोटं चाललेलं दिसलं की त्यांचे काटे आपोआप उभे राहत. सरकारी नोकरीत याचा फार त्रास होतो. शिवाय त्यांचं बीळ झऱ्याच्या काठाला आणि शेजारी म्हातारे कासवकाका. झरा बुजला आणि पाणवठा चालला नाही, तर काकांना दुसरीकडे चालत जाणं या जन्मी जमलं नसतं. म्हणून बाईंनी ठरवलं होतं, खात्री पटल्याशिवाय सही नाही.

चाचणीची पद्धत मात्र नवी होती. एकेका प्राण्याला बोलावून पाणी पाजून बघायला वेळ कोणाला? राजवाड्यामागे कुंपण घालून एक चाचणीचं रान उभारायचं ठरलं. तिथे तशीच पायरी, तसंच दार, तसाच हौद. प्राण्यांच्या जागी पेंढ्याची पाचशे हरणं, पायांना दोऱ्या बांधलेली. चाक फिरवलं की ती एकामागून एक पायरीवर चढणार आणि मागे बसलेला पोपट त्यांचं नाव सांगणार. पाणी आलं तर वरून हिरवं पान पडणार, नाही आलं तर पळसाचं लाल फूल.

"चाचणीचं रान खऱ्या रानासारखंच पाहिजे," काटेबाई म्हणाल्या. "चिखल पाहिजे. रांगेत ढकलाढकली पाहिजे. चारही पाय एकदम पायरीवर देणारा गवा पाहिजे. आणि कासवकाका तर पाहिजेतच. ते पायरी चढेपर्यंत दार मिटलं तर काय घ्या?"

"बाई," पिसारे कळवळून म्हणाले, "एवढ्या अडचणी आधीच आत आणल्या, तर चाचणी पास कशी व्हायची?"

पोपटाला पाचशे नावं पाठ करायचा कंटाळा आला. शाळेत असताना पत्रलेखनाच्या प्रश्नात तो प्रत्येक पत्राखाली एकच नाव लिहायचा. तेच त्याने सगळ्या हरणांना देऊन टाकलं. पाचशे हरणं आणि पाचशेही अ. ब. क.

चाक फिरलं. पाचशे हिरवी पानं पडली. महाराज हसून हसून जमिनीवर लोळले आणि म्हणाले, "पुन्हा फिरवा." हजार झाली. जेवणवेळेपर्यंत महाराज हिरव्या पानांत गळ्यापर्यंत बुडाले होते आणि नुसतं डोकं हसत होतं.

"काय नागरिक आहेत," ते म्हणाले. "ढकलाढकली नाही, गाऱ्हाणं नाही. समोर हौद भरलाय आणि एकानेही तोंड लावलं नाही. संयम म्हणतात तो हा."

त्याच दिवशी अ. ब. क. यांना आदर्श नागरिक पुरस्कार जाहीर झाला. सत्काराला पाचशेही जण हजर होते. उत्तराचं भाषण त्यांच्या वतीने पोपटाने केलं आणि ते सर्वांना फार आवडलं, कारण त्यात महाराजांचंच भाषण होतं.

काटेबाई मात्र कासवकाकांना घेऊन खऱ्या पाणवठ्यावर गेल्या. काका सकाळी पायरीशी पोचले आणि दुपारी पायरीवर.

"मी धोंडिबा," काका म्हणाले. दार हललं नाही. "धोंडिबा कासव, वडाखालचा." दार ढिम्म. त्याला एकच नाव शिकवलेलं होतं.

"काका, अ. ब. क. म्हणून बघा."

"या वयात?" काका म्हणाले. पण घसा सुकला होता, म्हणून म्हणाले, आणि दार उघडलं. आत हौद कोरडा ठणठणीत. निकाल चाचणीच्या रानातला मोजायचा होता, म्हणून सगळं पाणी तिकडेच सोडलेलं होतं.

काटेबाईंचे काटे ताडकन उभे राहिले. त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि पिसाऱ्यांपुढे ठेवलं.

"खऱ्या रानात चाचणी घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?" पिसाऱ्यांनी विचारलं.

"पाणी खऱ्या रानातच प्यायचंय ना?"

"हे तुमचं वैयक्तिक मत झालं."

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या रानात पेंढ्याच्या एक काटेबाई उभ्या होत्या. त्यांचे काटे डिंकाने चापून बसवले होते. पोपटाने त्यांच्या पायाचा ठसा कागदावर उमटवून घेतला. दाखला मिळाला आणि वाजतगाजत झऱ्यावर शिळा बसली.

चौथ्या दिवशी काकांची मान कवचाबाहेर येईना. बाईंना पिसाऱ्यांचा राग आला, आणि आपण नुसता कागद लिहून गप्प बसलो म्हणून स्वतःचा त्याहून जास्त आला. मग त्यांना तो भरलेला हौद आठवला, ज्याला कोणी तोंड लावत नव्हतं. त्यांनी काट्यांत पेंढा खोचला, तोंडात गवताची काडी धरली, काकांच्या पाठीवर पेंढा बांधला, आणि कुंपणातून आत शिरून दोघंही हरणांच्या रांगेत उभी राहिली. चाक फिरलं, पोपट "अ. ब. क." म्हणाला आणि दोघंही पोटभर पाणी प्याली. आठवड्याभरात गवा आला, ससे आले, अख्खं रान आलं. नियम दोनच. तोंडातली काडी पाडायची नाही आणि बोलायचं नाही.

"हौदातलं पाणी कमी होतंय का हो?" महाराजांनी विचारलं.

"विकास झिरपतोय, महाराज," पिसारे म्हणाले.

मग निवडणूक आली. ती अर्थातच चाचणीच्या रानात घ्यायची ठरली, कारण अपेक्षित निकाल तिथे आधीच लिहून ठेवायची सोय होती. "तरस महाराज पुन्हा हवेत ना?" पोपट ओरडला. चाक फिरलं, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि हरणांचे पुढचे पाय वर गेले.

काटेबाईंच्या पायाला दोरी नव्हती. त्यांना ओरडून झऱ्याचं नाव घ्यायचं होतं. पण तोंड उघडलं की काडी पडणार, काडी पडली की पाणी बंद, आणि शेजारी काका उभे होते. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बाईंकडे पाहिलं. दोघांचेही पाय वर गेले. दोरीशिवाय गेले, हे ज्याचं त्यालाच कळलं.

मात्र बाईंचे काटे एकदम उभे राहिले आणि पेंढा चहूकडे उडाला. कासवकाकांनी डोळेच मिटून घेतले. पिसारे धावत आले, निरखून पाहिलं आणि महाराजांकडे वळून म्हणाले, "बघा महाराज, आनंदाने मतदारांच्या अंगावर काटा आलाय." महाराज हसले, वरून हिरवी पानं पडतच राहिली.

पूर्वी लढाईत हरलेला दाती तृण धरून शरण यायचा. करंजवनात अजून दर पाच वर्षांनी मतदार तसेच येतात. इतके दिवस ज्याने त्याने आपलं गवत घरून आणायचं असे, यंदापासून ते सरकारतर्फे मोफत आहे.