उतरत्या वयाचे महाराज

खोटं वाटेल, पण बोरखिंडीचे महाराज फत्तेसिंह पन्नाशीनंतर दर वाढदिवसाला एका वर्षानं लहान व्हायचे. पन्नासाव्या वाढदिवशी त्यांचा फेटा घसरला, तेव्हा सनईवाला येसाजी हसला आणि पाच वर्षांसाठी कोठडीत गेला.

पाच वर्षांनी त्याची बायको सगुणा दरबारात आली. "मुदत भरली सरकार, सोडा आता त्यांना."

महाराज म्हणाले, "तेव्हा आम्ही पन्नासचे होतो, आज पंचेचाळीसचे आहोत. मग सांग बाई, किती वर्षं झाली?"

"एकही नाही, सरकार. उलट आपण सगळे पाच वर्षं मागे आलोय. म्हणजे माझा नवरा अजून हसलेलाच नाही. मग त्याला कोंडलंय कशाला?"

येसाजी सुटला आणि वेशीपर्यंत पोट धरून हसत गेला.

पुढच्या वाढदिवसाला महाराज एकदम छप्पन्न वर्षांचे झाले.