केर पुढल्या दाराने

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांचे आजोबा अंगठा चोखत होते त्याच्याही आधी, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की त्या गावचे लोक काठी घेऊन येतात.

गावाच्या वरच्या अंगाला शाळा होती. शाळेला पुढे दार, मागे भिंत, आणि भिंतीखाली उतारावर एक झरा. झऱ्याचं पाणी आधी शाळा प्यायची, मग गाव, मग गुरं, आणि उरलंसुरलं वांग्यांचे वाफे. गावाला झऱ्याचाही अभिमान होता आणि शाळेचाही. आता अभिमानाच्या गोष्टीकडे माणूस स्वतः कधी बघत नाही, पाहुण्यांना दाखवतो फक्त. तुम्हीही तसेच. हसू नका.

शाळेत दुपारचं जेवण गावातून यायचं. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. एकीने भाकऱ्यांची चळत धाडली, की दुसरी त्याहून उंच धाडायची. पळसाच्या पत्रावळी रोज नव्या. पाणी प्यायला मातीची बोळकी, तीही रोज नवी. एकदा ओठाला लागलेलं बोळकं पुन्हा लावायचं नाही, असा शाळेचा थाट होता. पाहुणे आले, की पाटील मिशीवरून हात फिरवून सांगायचा, "आमची पोरं राजासारखी राहतात. खाऊन टाकतात, पिऊन फोडतात."

आणि ती अर्धी भाकरी, ती पत्रावळ, ती खापरं, बोरूच्या ढलप्या, फुटक्या पाट्या, हे सगळं जायचं कुठे? मागच्या भिंतीवरून पलीकडे.

पुढल्या दाराने का नाही? इथेच तर गंमत आहे. शाळेचा केर पुढल्या दाराने काढला, तर केरामागोमाग विद्याही निघून जाते, असा त्या गावाचा पक्का समज होता. पाटील म्हणायचा, हे त्याच्या खापरपणजोबाने सांगितलंय. गुरुजी म्हणायचे, हे पोथीत आहे. पोथी दाखवा म्हटलं, तर ती वाळवीने खाल्ली होती. म्हणजे त्या गावात सगळ्यात शिकलेली कोण म्हणाल, तर वाळवी.

एका वर्षी संक्रांत सरली आणि झरा बारीक झाला. आधी मनगटाएवढी धार होती, ती करंगळीएवढी झाली. वाफ्यांतली वांगी सुकली. बायका घागर लावून बसायच्या आणि घागर भरेपर्यंत गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढून व्हायची.

पाटलाने विचार केला. त्याला विचार करायची सवय नव्हती, म्हणून तो जे सुचलं तेच करून मोकळा झाला. दवंडी पिटली, "शाळा फार पाणी पिते. पाडव्यापर्यंत झरा वाढला तर ठीक, नाहीतर पाडव्याला शाळेला कुलूप. पोरांनी नदीपलीकडच्या शाळेत जावं."

ज्या पाडव्याला पोरं पाटी पुजतात, नेमकं त्याच दिवशी कुलूप. बघा, कसा हुशार माणूस.

त्या शाळेत तानी नावाची मुलगी होती. दवंडी ऐकून तिची आई म्हणाली, "नदीपलीकडं पोरीला कोण धाडतंय? तू आपली पाडव्यापासनं शेरडं राख." तानीला शेरडं आवडायची, पण शेरडांना पाढे येत नव्हते आणि तानीला पुढचे पाढे शिकायचे होते. त्या रात्री ती जेवली नाही म्हणतात. खोटं आहे ते. जेवली, पण गप्प जेवली, आणि तानी गप्प जेवली म्हणजे काहीतरी शिजतंय हे तिच्या आईला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाढे चालू असताना भिंतीवरून एक खेकडीण आत उतरली. पोटाखाली पिल्लांचा गठ्ठा घेऊन, तिरकी तिरकी, साऱ्या वर्गातून पुढल्या दाराकडे निघाली.

तानी पाढा सोडून तिच्यामागे धावली. "खेकडीणमावशी, बिऱ्हाड घेऊन कुठं?"

"माहेरी," खेकडीण म्हणाली. "सासर बुजलं तुमच्या शाळेने. माझ्या घरावर खापरं, खापरांवर पत्रावळी, पत्रावळींवर भाकऱ्या. भाकरी कुजते, चिखल होतो, चिखलात खापरं घट्ट बसतात. लिंपून काढलंय घर."

"मग झरा मेला का?"

"मरतोय कशाला? आत धडपडतोय बिचारा. तुम्ही त्याच्या तोंडावर बसलाय आणि विचारताय, बोलत का नाहीस." असं म्हणून ती निघाली. जाता जाता एवढं मात्र म्हणाली, "आणि मुली, तिरकी चालते मी, पण निदान घर तरी घाण करत नाही. सरळ चालणाऱ्यांचं काही खरं नाही."

तानीने हे गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "खेकडे बोलत नाहीत. बस खाली."

मग तिने पोरांना सांगितलं. पोरांनी लगेच विश्वास ठेवला. पोरांचं हे एक बरं असतं.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं भिंतीपलीकडे उतरली. तानीने परकर खोचला आणि पहिलं खापर उपसलं. हात चिरले, नाकं दाबली, पण संध्याकाळपर्यंत एक कोपरा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी जेवण करून येऊन बघतात, तर त्या कोपऱ्यावर ताजा ढीग. पोरांनीच नुकताच जेवून फेकलेला. दमलेल्या पोरांनी नेहमीपेक्षा जास्त फेकला होता.

धोंडू नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता. तो मटकन बसला. "आपण खालून काढतो आणि आपणच वरून टाकतो. आपण वेडे आहोत का गं?"

"आहोत," तानी म्हणाली. "पण आजपर्यंत. उद्यापासून टाकायचंच नाही."

"मग केर जाईल कुठं? पुढल्या दाराने तर काढायचा नाही."

"होऊच द्यायचा नाही. जो केर झालाच नाही, त्याला दार कशाला लागतं?"

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं कमरेला नारळाची करवंटी बांधून आली. देवळात नारळ फुटायचे, करवंट्यांना काय तोटा? त्या दिवशी जिची पाळी होती ती काकू आमटीचं भगुणं घेऊन आली आणि बघतच राहिली.

"माझ्या आमटीला करवंटी? मी काय भिकारी जेवू घालतेय?"

"काकू, पत्रावळीतली तुमची निम्मी आमटी झरा प्यायचा," तानी म्हणाली.

काकू जराशी थबकली. "आवडली का त्याला?"

"अपचन झालंय."

काकूने तोंड वाकडं केलं, पण करवंट्या भरल्या. पोरांनी त्या चाटूनपुसून लख्ख केल्या, तेव्हा मात्र ती खुलली. तिच्या आमटीचा असा मान आजवर कोणी ठेवला नव्हता. नवऱ्यानेसुद्धा.

सगळ्यात कठीण गेलं धोंडूला. हा मुलगा डोळ्यांनी तीन भाकऱ्या खायचा आणि पोटाने दीड. आता नियम ठरला, घेतलं ते संपवायचं. पहिल्या दिवशी त्याने तीन घेतल्या आणि शाळा सुटली तरी तो तिसरी चघळत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कोणी त्याची भाकरी काढून घेतली नाही आणि कोणी त्याला एकटं सोडूनही गेलं नाही. सगळी पोरं त्याच्या भोवती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने एकच घेतली, मग अर्धी मागून घेतली, आणि तिथून त्याचं पोट त्याला ओळखू लागलं.

बोळक्यांऐवजी कुंभाराकडून एक रांजण आणला. कुंभार कुरकुरला, "मग माझी बोळकी कोण घेणार?" पोरं म्हणाली, "काका, गावात निम्मे माठ गळतात. ते बघा की." कुंभाराला ते ठाऊक होतं, कारण ते त्यानेच घडवले होते. तो माठ घडवायला बसला.

आता नवा केर थांबला. पण जुना? रोज उपसलेली खापरं अंगणात साचली. कुजकी माती, पत्रावळी, सगळ्याचा डोंगर झाला. ते बाहेर न्यायला वाट एकच, पुढलं दार. मागे तर उतार आणि काटे.

तानीने पहिली पाटी उचलली, केराची हं, लिहायची नव्हे, डोक्यावर घेतली आणि दाराकडे निघाली. दारात पाटील काठी आडवी धरून उभा होता. त्याच्या मागे निम्मं गाव.

"थांब. पुढल्या दाराने केर? विद्या जाईल."

"पाटीलबाबा, एक विचारू?" तानीने डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं नाही. मान ताठच होती. "आम्ही रोज शिकतो आणि घरी जातो. ते कुठल्या दाराने?"

"पुढल्याच. मागनं काय उडून जाता?"

"मग विद्या रोज याच दाराने जाते की. डोक्यात घालून आम्हीच नेतो. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा असते. जिला पाढ्यांबरोबर जाऊन परत येता येतं, तिला खापरांबरोबर जाऊन परत का येता येणार नाही?"

मागे कोणीतरी हसलं. पाटलाने वळून बघितलं, तर सगळे आकाशाकडे बघत होते.

"आणि गेली तर?" पाटील म्हणाला.

"परीक्षा घ्या."

पाटलाने घसा साफ केला. "सोळा साते?"

"बारोदरसे. एकशे बारा."

पाटील तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी मान हलवली, तेव्हा पाटीलही मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे." आणि काठी बाजूला घेतली.

तेव्हापासून केर पुढल्या दाराने जाऊ लागला. कुजकी माती वाफ्यांत गेली, खापरं चिखलाच्या गाडीवाटेवर पडली. पोरं रोज उपसायची, रोज वाहायची. तरी धार करंगळीएवढीच. होळी आली, गेली. धोंडूची आई म्हणाली, "सोडा रे नाद." पोरांनी नाद सोडला नाही. तानी तर खापर उचलताना पाढे म्हणायची, कारण पाडव्यानंतर म्हणायला मिळतील की नाही, ठाऊक नव्हतं.

पाडवा उजाडला. घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. पाटील नवं पागोटं बांधून, हातात कुलूप घेऊन शाळेत आला. वर्ग रिकामा. पोरं कुठे? भिंतीपलीकडे.

"वर या," पाटील भिंतीवरून म्हणाला. "मुदत संपली."

"दिवस कुठं संपलाय?" खालून तानीचा आवाज आला. "एकच थर राहिलाय."

त्या थराखाली चिखलात काहीतरी सपाट रुतून बसलं होतं. तानी आणि धोंडूने दोन बाजूंनी धरलं. बोटं घसरली. पुन्हा धरलं. मागून बाकीच्या पोरांनी त्या दोघांना धरलं आणि ओढलं. फसकन आवाज आला, सगळी पोरं एकमेकांवर उताणी पडली, आणि मोकळ्या झालेल्या तोंडातून पाणी असं उसळलं, की भिंतीवरून वाकलेल्या पाटलाचं नवं पागोटं भिजलं.

तानीने हातातली वस्तू पाण्यात धरली. दगडी पाटी होती, जुनी, जाड. चिखल गेला तसं त्यावर खिळ्याने कोरलेलं चित्र दिसलं. एक गाढव. गाढवाच्या डोक्यावर त्या काळच्या गुरुजींची पगडी.

गावातला एक म्हातारा भिंतीशी आला होता. त्याने डोळे बारीक केले. "पाटला, ही तुझी की रे. माकडाने पळवली म्हणून तू बापाला सांगितलं होतंस. सोळाचा पाढा म्हणून दाखवायचा होता, त्याच दिवशी."

गाव हसलं. असं हसलं, की पलीकडच्या डोंगरावरची माकडं खाली बघू लागली. त्यांच्यावरचा आळ इतक्या वर्षांनी उतरला होता.

पाटील आधी लाल झाला, मग ओशाळला, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटला. धोतर वर खोचून तो खाली उतरला, तानीच्या हातून पाटी घेतली, गाढवाकडे बघितलं आणि म्हणाला, "चित्र मात्र झकास काढलंय." त्या दिवशी पूजेच्या पाट्यांत ती पाटीही मांडली गेली. तानीने शेजारी आपली ठेवली आणि पुढच्या दिवशी सतराचा पाढा सुरू केला.

पाडव्याच्याच दुपारी खेकडीण परत आली. पुढल्या दाराने, तिरकी तिरकी, पिल्लांना घेऊन. कोणी अडवलं नाही. फक्त गुरुजी जागेवरून उठले आणि म्हणाले, "या." खेकडे बोलत नाहीत, हे ते विसरले असावेत.

राहिलं ते कुलूप. ते अजून पाटलाच्या हातात होतं. आता त्याचं करायचं काय? पाटलाचा हात जुन्या सवयीने भिंतीकडे उचलला गेला. सारी शाळा त्याच्याकडे बघू लागली.  

पाटलाने हात खाली घेतला, कुलूप कमरेला खोचलं आणि पुढल्या दाराने घरी निघून गेला.

तात्पर्य: भिंतीपलीकडे फेकलेलं दूर जात नाही, आपल्याच पाण्यावर बसून राहतं, म्हणून केर फेकायला जागा शोधण्यापेक्षा केर करणंच सोडावं.